सासूबाईंच्या पदरातला चेंडू

बेसबॉलच्या नियमपुस्तकात सासूबाईंचा उल्लेख नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. त्यात पाऊस आहे, उडता पक्षी आहे, कुत्र्याने तोंडात धरलेला चेंडू आहे, पंचाच्या कपड्यांत अडकलेला चेंडूसुद्धा आहे. पण लुगडं नेसून, हातात काठी घेऊन, मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात बिबडे राखत बसलेली सासू कुठल्याही पानावर नाही!

मी सुरतेत गोडादऱ्याला राहतो आणि एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मशीनच्या सुया तुटणं आणि त्यावरून कारागिरांचं जुंपणं, हे दिवसभर बघणं माझं काम. बेसबॉलशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजात असताना आमच्या जळगाव जिल्ह्यात सॉफ्टबॉलचं भारी वेड होतं आणि मी कॉलेजच्या संघात होतो. (संघात म्हणजे, संघाच्या पिशव्या सांभाळायला. पण फोटोत आहे!) ही गोष्ट मी माझ्या लेकीला, केतकीला, थोडी वाढवून सांगितली होती. तेरा वर्षांच्या पोरीने ती शाळेत आणखी वाढवून सांगितली. आणि एका रविवारी तिचे पीटीचे सर, जिग्नेशसर, सरळ घरीच आले.

"भाई, तमे तो जळगामना ने? तमने तो आवडतुं ज हशे!"

जळगावचा माणूस म्हणजे त्याला केळी, भरीत आणि सॉफ्टबॉल जन्मतःच येतं, असा सरांचा पक्का समज होता. (गुजरातीत 'आवडणं' म्हणजे येणं!)

"सर, ते सॉफ्टबॉल होतं. हा बेसबॉल..."

"बॉल जरा कठण, बीजुं बधुं सरखुं!" असं म्हणून सरांनी माझ्या हातात इंग्रजी नियमांचं झेरॉक्सचं बाड ठेवलं. उन्हाळी शिबिराचा शेवटचा सामना होता, केतकीच्या शाळेच्या मुली विरुद्ध कामरेजच्या शाळेच्या मुली, आणि पंच मिळत नव्हता.

आता पंच ज्या मुलीचा बाप, त्या मुलीच्या सामन्यात तो कसा चालेल? हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पण त्या क्षणी वैशाली, म्हणजे माझी बायको, दारात चहा घेऊन उभी होती आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो. "बापच पंच असला तर उलट आपल्याच मुलीला कडक वागवेल," असं कामरेजच्या हेतलमॅडमनी फोनवर सांगितलं म्हणे. त्यांचे वडील शिक्षक होते.

पुढचे पंधरा दिवस मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून नियम वाचले. फार मजेशीर पुस्तक आहे! एका बेसवर दोन खेळाडू उभे राहिले तर काय, धावणाऱ्याच्या धक्क्याने बेसच उखडून निघाला तर काय, सगळं लिहून ठेवलंय. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य आहे, की ज्या गोष्टीबद्दल या पुस्तकात काहीच लिहिलेलं नाही, तिचा निकाल पंचाने स्वतःच्या अकलेने द्यावा.

"वाचलंस?" मी वैशालीला म्हणालो. "स्वतःच्या अकलेने!"

"म्हणून दोन पंच ठेवत असतील," ती म्हणाली.

दुसरे पंच होते शेजारचे निकमभाऊ. त्यांची निवड त्यांच्याकडे शिट्टी होती म्हणून झाली. बेसबॉलमध्ये शिट्टी नसते हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. "नसू द्या, आपली आहे!" असं त्यांनी चार वेळा उत्तर दिलं.

शाळेच्या मैदानात नेमका लग्नाचा मांडव घातला होता, म्हणून सामना आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर ठरला. कारखान्यातली चिंधी पोत्यांत भरून मी बेस तयार केले, चुन्याने रेघा मारल्या. चेहऱ्यासाठी माझं मोटरसायकलचं हेल्मेट. छातीला उशी, वरून वैशालीची ओढणी घट्ट बांधलेली. आरशात बघितलं तर मी पंच कमी आणि बाळंतपणाला माहेरी निघालेला माणूस जास्त दिसत होतो.

पण घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! सकाळी साडेसहाला मैदानात पोचलो, तर डाव्या कोपऱ्यात दहा हात लांब ओलं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर हारीने बिबडे! ज्वारी भिजवून, शिजवून, मिरची-लसूण घालून थापलेले, वाळवून वर्षभर भाजून खायचे ते आमचे खानदेशी बिबडे. आणि त्यांच्याशेजारी पाटावर सासूबाई. बिबडे करायला त्या दर उन्हाळ्यात अमळनेरकडच्या गावाहून येतात आणि अंथरायचं लुगडंही स्वतःचंच आणतात, कारण 'सुरतना कपडा पाणी पेत नही.'

"आई," मी हेल्मेटची काच वर करून म्हणालो, "आज इथे मॅच आहे."

"हां, मंग? खेळा ना! मी काय तुमले आडी ऱ्हायनू का?"

"नाही, पण वाळवण जरा गच्चीवर नेलं तर..."

"गच्चीवर कबुतरं सेतस." सासूबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "आठे मी से."

कडक पंचाने दोन मिनिटांत मैदान मोकळं करून घेतलं असतं. मी मैदानाच्या मधोमध गेलो, दोन्ही सरमॅडमना बोलावलं आणि गंभीर आवाजात जाहीर केलं, की जागेच्या अडचणीप्रमाणे सामन्याआधी स्थानिक नियम ठरवायचा पंचाला अधिकार असतो, आणि त्या अधिकारात मी असं ठरवतो: चेंडू बिबड्यांवर पडला तर खेळ तिथेच थांबेल, आणि फलंदाजासकट बेसवरच्या सगळ्या मुली दोन-दोन बेस पुढे जातील. सासूबाई, म्हणजे सदर महिला, यांना मैदानात बसायची पंचांची परवानगी आहे.

"सदर महिला कोण छे?" हेतलमॅडमनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

मॅडमनी माझ्याकडे फार सहानुभूतीने बघितलं. त्यांचंही लग्न झालेलं होतं.

सामना सुरू झाला. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: लगोरी आणि क्रिकेट यांचं लग्न लावलं की जे होईल ते. चार बेस. चेंडू मारायचा, पळायचं, चारही बेस फिरून आलात की एक रन. तुम्ही पहिल्या बेसवर पोचायच्या आत चेंडू तिथे पोचला, किंवा तुमचे तीन चेंडू हुकले, की तुम्ही आउट. तीन आउट झाले की डाव संपला.

तिसऱ्या डावात आमच्या दोन मुली एकाच बेसवर येऊन थांबल्या आणि घाबरून एकमेकींना मिठी मारून उभ्या राहिल्या. निकमभाऊंनी शिट्टी फुंकली आणि "जी उंच आहे ती सेफ!" असा निकाल दिला. मी पळत गेलो, बाड उघडलं. जी आधीपासून पुढे होती, बेस तिचा. मागून आलेलीला चेंडू लावला की ती आउट. कामरेजच्या मुलींनी दोघींनाही चेंडू लावला होता. मी बोट वर केलं, हेतलमॅडम मान डोलावून म्हणाल्या, "साहेबने आवडे छे हं!" आणि माझी छाती उशीतूनसुद्धा फुगली. नंतर एकदा सोसायटीचा कुत्रा चेंडू घेऊन पार्किंगमध्ये गेला. तेही पान मला पाठ होतं! त्या दोन तासांत मी इतका अचूक होतो, की वैशाली शेजारणींना "हे आमचे," म्हणून बोट दाखवत होती.

आणि मग आला शेवटचा डाव. आमच्या मुली एका रनने मागे. दोन आउट झालेले. एक मुलगी दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर. आणि बॅट घेऊन आली केतकी.

इथे मला एक सांगायलाच हवं. माझ्या लेकीने अख्ख्या शिबिरात एकदाही चेंडूला बॅट लावलेली नव्हती. एकदाही! बॅट फिरवायची, चेंडू मागे जायचा, ती गोल फिरून बसायची. रोज घरी येऊन "आज थोडक्यात हुकला" म्हणायची आणि गुपचूप जेवायची. मोहल्ल्यातली पोरं तिला 'पंखा' म्हणत. तिचं ते 'थोडक्यात' ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत नसे. आणि आता तिच्या मागे, तिच्यापासून दोन हातांवर, मी पंच म्हणून उभा! "डोळे उघडे ठेव गं!" एवढं साधं वाक्यही बोलायची सोय नाही. हेल्मेटची काच माझ्याच श्वासाने धुरकट झालेली.

पहिला चेंडू हुकला. दुसराही हुकला. तिसऱ्याला 'टण्' असा आवाज आला.

मी काच वर केली. चेंडू आकाशात होता! खराखुरा, केतकीने मारलेला, उंच, डाव्या कोपऱ्याकडे निघालेला. बेसवरच्या दोन्ही मुली सुसाट सुटल्या. कामरेजची डाव्या बाजूची मुलगी पळाली, पण ती बरीच मागे होती. चेंडू सरळ बिबड्यांवर चालला होता. बिबड्यांवर, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे दोन बेस! दोन्ही मुलींचे दोन रन, सामना आमचा!

तेवढ्यात कोपऱ्यात सासूबाई उठल्या. ओटी भरायला कोणी समोर आलं की बायका जसा पदर धरतात, तसे त्यांचे दोन्ही हात पदराला गेलेले मला दिसले. आणि चेंडू येऊन अलगद, नारळासारखा, त्यांच्या पदरात बसला.

सासूबाईंनी पदरात बघितलं. चेंडू उचलला. धापा टाकत समोर आलेल्या कामरेजच्या मुलीला म्हणाल्या, "ले माय," आणि तो तिच्या हातात दिला. त्या शहाण्या पोरीने तो जोरात पहिल्या बेसवर फेकला.

आणि केतकी? केतकी पळालीच नव्हती! आयुष्यात पहिल्यांदा चेंडू लागल्यामुळे, त्यानंतर काय करायचं असतं हे ती विसरली होती. बॅट हातात, तोंड उघडं, आपण मारलेला चेंडू आजीने धरला हे बघत ती होती तिथेच उभी होती. पहिल्या बेसवर चेंडू पोचला. निकमभाऊंनी गाल फुगवून शिट्टी मारली.

"आउट छे! चोख्खो आउट छे!" हेतलमॅडम.

"आउट केवी रीते? बा वच्चे आव्या ने!" जिग्नेशसर, मधे आलेल्या आजीकडे बोट दाखवत.

"पप्पा," केतकी इतक्या हळू आवाजात म्हणाली, की फक्त मलाच ऐकू आलं. "माझा लागला ना पण? लागलेला धरणार ना?"

मी बाड उघडलं. आणि नियम सापडला! मैदानात ज्याला पंचाने परवानगी दिली आहे अशा माणसाला चेंडू चुकून लागला, तर काहीच झालं नाही असं समजून खेळ पुढे चालू. पण त्या माणसाने चेंडू मुद्दाम धरला, तर खेळ त्याच क्षणी थांबला. आणि त्याने धरला नसता तर जे झालं असतं, ते पंचाने द्यावं. थोडक्यात, चेंडू पदरात चुकून पडला असेल तर केतकी आउट, तिचा मार वाया, सामना गेला. मुद्दाम धरला असेल तर चेंडू बिबड्यांवर पडला असता, दोन बेस, सामना आमचा. सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबलं होतं, आणि तो प्रश्न मला सासूबाईंना विचारायचा होता!

वाचकहो, माझ्या सासूबाईंनी सतरा वर्षांत कुठलीही गोष्ट मुद्दाम केल्याचं कबूल केलेलं नाही. त्या घरात काहीही घडलं तरी ते आपोआप घडतं. आणि अशा बाईला मला भर मैदानात, चाळीस माणसांसमोर, हेल्मेट घालून विचारायचं होतं, की हे तुम्ही मुद्दाम केलंत का.

आधी मी पुस्तकाप्रमाणे दुसऱ्या पंचाचं मत घ्यायला गेलो.

"निकमभाऊ, तुम्ही काय पाहिलं?"

"मी खाली बघत होतो," निकमभाऊ ओठ पुसत म्हणाले. त्यांच्या हातात वाटी होती. वाटीत बिबड्यांचं गरम पीठ, वर तेल. "मावशींनी दिलं. नाही कसं म्हणणार?"

म्हणजे आमचा एक पंच साक्षीदाराचंच खात होता! मी एकटाच कोपऱ्यात गेलो. मागोमाग केतकी सोडून सगळे आले.

"आई," मी काच वर केली. "शांतपणे सांगा. बॉल तुम्ही मुद्दाम धरला, की चुकून पदरात पडला?"

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी काबर मुद्दाम धरसू? मी जिंदगीमा मुद्दाम काहीच करेल नही!"

"जोयुं? एमणे पोते कह्युं!" आजी स्वतःच बोलल्या म्हणून हेतलमॅडमनी टाळी वाजवली. निकमभाऊंनी तोंडातला घास गिळून पुन्हा शिट्टी फुंकली. मागे केतकीच्या हातातून बॅट खाली पडल्याचा आवाज झाला.

वैशाली गर्दी फोडून पुढे आली. "अहो, ही काय पद्धत झाली? आईला चोरासारखं विचारताय!"

"पंच आहे मी, वैशाली."

"घरी या पंच!" आणि आईकडे वळून ती सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, मुद्दाम धरा अस सांग ना! नही तं केतकीना मार वाया जाई!"

(आमच्याकडे 'धरा' म्हणजे 'धरला'.) साक्षीदाराला साक्ष पढवू नये एवढं मला टीव्ही बघून माहीत होतं. पण सांगायचं कोणाला?

सासूबाईंनी मान वळवून केतकीकडे बघितलं. पोरगी मैदानाच्या पार त्या टोकाला खाली मान घालून, ओढून आणलेल्या हसऱ्या चेहऱ्याने उभी होती. तेच 'थोडक्यात हुकला'चं हसू. सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"धरा मी! मुद्दाम धरा! लिखी ल्या!"

"बा!" हेतलमॅडम उसळल्या. "हमणां तो कह्युं के मुद्दाम कशुं करता ज नथी! साहेब, हे नाही चालणार. आ बा मुद्दाम कांई करे एवां छे, ए साबित करो!"

आणि मॅडमचं बरोबर होतं! पंचाने शब्द बदलणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? मी, सतरा वर्षांचा जावई, हताशपणे म्हणालो, "आई, तुम्ही याआधी काही मुद्दाम केल्याचं एखादं उदाहरण आहे का?"

झालं! मी स्वतःच्या हाताने धरणाचं दार उघडलं होतं.

"एखादं?" सासूबाई पाटावर बसल्या. "मोजा. आखाजीना सनले ह्या जवाई उनात का, लहान जवाईले खापरवरनी गरम पोळी वाढू आन यासले डब्बामानी. मुद्दाम!"

"आई!"

"दुपारले ह्या जपनात का मी कुकर लाऊ. भूक कोनले व्हती? यासनी झोप मोडाले पाहिजे म्हनीसनी. मुद्दाम!"

मला वाटायचं, त्या घरात भातच फार खातात.

"दर वरीसले ह्या सुरतनी घारी धाडतस. तूपनी वास येस. बठ्ठी गल्लीमा वाटी दिधी, आन फोनवर सांगं, लई गोड व्हती जवाईबापू! चाखी बी नही! मुद्दाम!"

(ती तुपाळ मिठाई घ्यायला मी कोजागरीनंतरच्या चंदी पडव्याच्या गर्दीत दीड तास रांगेत उभा राहतो. दर वर्षी!)

सोसायटीच्या बायका आता पदर तोंडाला लावून हसत होत्या. जिग्नेशसर दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. कामरेजच्या मुलींनी तर मांडी घालून बैठक मारली. हेतलमॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "बस बा, बस. हुं मानी गई. आटलुं खोटुं कोई न बोले."

"थांबा. आजून एक से," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पुरे आता," मी म्हणालो. "पुरावा भरपूर झाला."

"गप बठा. वैशालीले दोन स्थळं उनथात. एक तलाठी, एक ह्या. तलाठीनी पत्रिका जमत व्हती. मी घरमा सांगं, जमत नही. मुद्दाम."

वैशाली आईच्या समोर उकिडवी बसली.

"आई, तलाठी होता?"

"व्हता."

"म्हणजे सरकारी?"

"तलाठी सरकारीच ऱ्हास."

वैशालीने वळून माझ्याकडे बघितलं. हेल्मेट, उशी, तिचीच ओढणी. मग पुन्हा आईकडे. "आणि यांच्यात काय पाहिलंस?"

खरं सांगतो, सामना, रन, पुस्तक, सगळं मी विसरलो. हा प्रश्न मला सतरा वर्षं छळत होता.

"बघाले उनात तवय दोन्हीसले पोहा दिधात," सासूबाई म्हणाल्या. "पोहामा मीठ टाकेल नव्हतं. मुद्दाम. दखाले, कोन काय म्हनस. तलाठीनी दोन घास खादात, तोंड वाकडं करं, ताट तठेच ठेवं. यासनी पुसीसनी खादं. ताट उचलं, सोता मोरीमा लई गयात, आन मले म्हनतस, 'मावशी, पोहे छान झाले होते.'" त्यांनी काठीने एक कावळा उडवला. "मी म्हनं, हाऊच बरा."

मला ते पोहे आठवतही नव्हते. (मी तेव्हा इतका घाबरलेला होतो, की मला चव म्हणून काही लागतच नव्हती.) पण मी घाईने काच खाली ओढली. पंचाने रडू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण बरं दिसत नाही.

आणि तशाच धुरकट काचेमागून मी दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "बॉल मुद्दाम धरला आहे! दोन बेस! फलंदाजाचा मार धरला!"

केतकीला कळायला एक क्षण लागला. मग ती जी सुटली, ती दुसऱ्या बेसवर थांबायचं असताना चारही बेस फिरून, मला वळसा घालून, थेट आजीच्या अंगावर जाऊन आदळली. आजी लुगड्यावर कलंडली. बावीस बिबडे मोडले. त्यातला एकही मोडल्याबद्दल सासूबाई पोरीला काही बोलल्या नाहीत. माझा पाय अर्ध्या बिबड्यावर पडला, त्याबद्दल मात्र बोलल्या.

हेतलमॅडमनी हात मिळवला. पण त्या पक्क्या निघाल्या, म्हणाल्या, "साहेब, कारण लखी आपो." म्हणून धावफलकाच्या वहीत मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'सदर महिलेने चेंडू मुद्दाम धरला. त्या सदर पंचाशी सतरा वर्षे सर्व काही मुद्दाम करत आल्या आहेत, हे पंचाने जागेवर तपासून मान्य केले.' खाली सही. त्याखाली निकमभाऊंची सही आणि तेलाचा डाग. जिग्नेशसरांनी त्या पानाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि दुपारपर्यंत तो माझ्या कारखान्यात पोचला. दुसऱ्या दिवसापासून कारागीर मला 'सदर पंच' म्हणायला लागले. घरी तर भाजी तिखट झाली, नळ गळला, मला घरी यायला उशीर झाला, की वैशाली एक सुस्कारा सोडते आणि नुसतं "तलाठी..." एवढंच म्हणते.

त्या दुपारी जेवायला बसलो तेव्हा केतकी तो चेंडू ताटाशेजारी घेऊनच बसली होती. सासूबाईंनी मला पोळी वाढली. गरम! तव्यावरून थेट! मी भारावून गेलो. सतरा वर्षांचा हिशेब एका सकाळी मिटला होता. धीर करून मी हळूच विचारलं, "आई, आता आपण घरचेच आहोत. मॅच संपली. खरं सांगा, तो बॉल नेमका कसा धरलात?"

"कोनता?"

"सकाळचा. पदरातला."

"तो?" सासूबाईंनी दुसरी पोळी लाटायला घेतली. "तो कुठला धरा मी! मी पदर झटकाले उठनू, तो आपोआप पडना."

माझा घास हातात राहिला. "आणि बाकीचं? कुकर? घारी?"

"बाकी बठ्ठं मुद्दाम."

म्हणजे सतरा वर्षांत सासूबाईंच्या हातून एकच गोष्ट खरोखर चुकून झाली होती. आणि मी, दोनदा नियम वाचलेला पंच, नेमकी तीच मुद्दाम ठरवून खाली सही करून बसलो होतो!